आकाशगंगेची पैमाईश

संगणकावरील अवकाशक्रीडांमध्ये युद्ध, व्यापार आणि चाचेगिरी यांची चर्चा विपुल होते. परंतु या साऱ्या कोलाहलापासून अलिप्त राहून एकट्याने आपले यान घेऊन अज्ञात ताऱ्यांकडे जाणे, तेथील ग्रहोपग्रहांचा तपशील टिपणे आणि ती नोंद मुक्कामी सुखरूप आणून दाखल करणे हा जो चौथा उद्योग गेल्या चार दशकांत या क्रीडांमध्ये रुजला आणि ज्यात आज हजारो माणसे आपल्या फावल्या आयुष्याचा मोठा हिस्सा घालीत आहेत, त्याचा साकल्याने विचार करण्याची वेळ आता आली आहे. जी आकाशगंगा एका गणिती नियमाने घडविलेली आहे, जिच्यातील प्रत्येक तारा कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच त्या नियमाने निश्चित करून ठेवला आहे, तिच्यातील भ्रमंतीला शोध म्हणावे काय, हा या विषयातील पहिला प्रश्न. आणि म्हणावयाचे झाल्यास त्या शोधातून जमा झालेली माहिती कितपत भरवशाची आहे, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाहणी करणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असून, ती शिस्त अंगी बाणविणारे लोक आजवर फार थोडे झाले, असे खेदाने म्हणावे लागते.

या परंपरेचे मूळ १९८४ मध्ये आहे. त्या वर्षी केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ नावाची क्रीडा बीबीसी मायक्रो या यंत्रासाठी सिद्ध केली. त्या यंत्राची एकूण स्मृती अवघी ३२ किलोबाइट. तिच्यातील सुमारे २२ किलोबाइटांत यान, युद्ध, बाजारभाव आणि शिवाय आठ आकाशगंगा व प्रत्येकीत २५६ तारकामंडले बसवावयाची होती. इतकी माहिती साठविण्यास जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती साठविलीच नाही: काही थोड्या मूळ संख्या घ्यावयाच्या, त्यांच्यावर ठरावीक बेरजांची क्रिया वारंवार करावयाची, आणि जी संख्यामाला निघेल तिच्यातून ग्रहाचे नाव, राज्यपद्धती, लोकसंख्या व अर्थव्यवस्था ही सारी उलगडून घ्यावयाची, अशी तजवीज त्यांनी केली. मूळ संख्या त्याच असल्यामुळे जगातील प्रत्येक यंत्रावर तेच तारे त्याच ठिकाणी उगवत. नियमाच्या उदरात विश्व सुप्त असते आणि प्रवासी तेथे पोहोचला म्हणजे ते प्रकट होते, ही जी कल्पना पुढील सर्व अवकाशक्रीडांचा पाया ठरली, ती अशी केवळ जागेच्या टंचाईतून जन्मली.

पुढे १९९३ मध्ये ब्रेबन यांनी ‘फ्रंटियर’ या उत्तरभागात हीच युक्ती वापरून एका फ्लॉपीत आपल्या खऱ्या आकाशगंगेची प्रतिकृती बसविली. ‘नॉक्टिस’ या अलेस्सांद्रो गिन्योला यांच्या एकांतप्रिय क्रीडेत तर युद्ध नाही, व्यापार नाही. केवळ ताऱ्यांमागून तारे पाहत जाणे आणि त्यांना दिलेली नावे सर्व प्रवाशांच्या सामाईक मार्गदर्शिकेत नोंदविणे एवढेच आहे. आइसलंडमधील सीसीपी या संस्थेच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २००९ साली अडीच हजारांच्या आसपास अनोळखी मंडले कृमिविवरांच्या पलीकडे उघडण्यात आली, तेथे शोधक यानातून शोधयंत्रे सोडतो आणि त्यांची स्थाने जुळवीत जुळवीत गुप्त वाट हुडकून काढतो. याच क्रीडेत २०१७ मध्ये मिशेल मायोर या, पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेल्या, खगोलशास्त्रज्ञाच्या साहाय्याने खेळाडूंपुढे खऱ्या ताऱ्यांचे प्रकाशालेख ठेवण्यात आले आणि ताऱ्यासमोरून ग्रह सरकल्याची खूण त्यांत शोधण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. २०१६ मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ने ग्रहांची संख्या दोनाच्या चौसष्टाव्या घाताइतकी करून साऱ्यांना थक्क केले खरे, पण तेथील विश्वाचा आपल्या आकाशाशी काही संबंध नाही, आणि जेथे ताऱ्याच्या रंगरूपावरून त्याच्या ग्रहांविषयी फारसे अनुमान बांधता येत नाही, तेथे पाहणीपेक्षा नवलाईचेच राज्य चालते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या क्रीडेत अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

खरा विचार करावयाचा तो १६ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट डेंजरस’चा. ब्रेबन यांच्याच फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या संस्थेने लोकवर्गणीच्या आधाराने रचलेल्या या क्रीडेत आपली आकाशगंगा मूळ मापाने, म्हणजे सुमारे ४०० अब्ज तारकामंडलांसह उभी केलेली आहे. त्यांपैकी सूर्याच्या आसमंतातील दीड लाखाच्या आसपास तारे हे खऱ्या ज्योतिर्विदांच्या सूचींतून घेतलेले आहेत: हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी ज्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण करण्यात उमेद खर्च केली त्या हेन्री ड्रेपर सूचीतील तारे, हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाने ज्यांची अंतरे मोजली ते तारे, आणि ग्लीझ यांच्या सूचीतील सूर्याचे निकटचे शेजारी. उरलेले सर्व तारे ‘स्टेलर फोर्ज’ नावाच्या यंत्रणेने निर्माण केलेले आहेत. आकाशगंगेच्या कोणत्या भागात किती द्रव्य आहे, ते किती प्राचीन आहे आणि त्यात जड मूलद्रव्यांचे प्रमाण काय, हे विचारात घेऊन ही यंत्रणा त्या द्रव्यातून तारे घडविते, ताऱ्यांभोवती उरलेल्या द्रव्यातून ग्रह घडविते, आणि ग्रहाचे वस्तुमान व उष्णतामान यांवरून त्याचे वातावरण ठरविते. येथे ताऱ्याचा वर्ग पाहून त्याच्या परिवाराविषयी तर्क करता येतो, तो तर्क पडताळून पाहता येतो, आणि अनेक पडताळ्यांतून सामान्य नियमाकडे जाता येते. ज्ञानव्यवहाराला याहून अधिक काय लागते?

मराठी वाचकाला या नभोमंडलात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित, रोहिणी, ज्येष्ठा हे ज्यांना आपण लहानपणी अंगणातून ओळखू लागलो, ते सर्व येथे आपापल्या पाश्चात्त्य नावांनी उपस्थित आहेत, आणि मृग नक्षत्रातील तांबूस काक्षीच्या विराट बिंबासमोर यान उभे केल्यावर जी विस्मयाची भावना होते, ती चित्रफितींनी होत नाही. सर्वत्र मुक्त संचार आहे असेही नाही. आपल्या सूर्यमंडलात शिरावयाचे तर तेथील संघराज्याच्या नौदलात पायरी चढून परवाना मिळवावा लागतो, व्याधासाठी निराळा परवाना लागतो, आणि ध्रुवाचा तारा तर सर्वांना बंद असून त्याचा परवाना कोठे व कसा मिळतो हे आजवर कोणालाही उमगलेले नाही.

नियमाने घडविलेल्या विश्वात शोध संभवत नाही, हा आक्षेप येथे नीट तपासला पाहिजे. नियम ठाऊक असणे म्हणजे त्याचे सर्व परिणाम ठाऊक असणे नव्हे. सेकंदाला एक मंडल या वेगाने अहोरात्र पाहिले तरी ही आकाशगंगा पाहून होण्यास साडेबारा हजार वर्षे लागतील. अर्थात तिच्या निर्मात्यांनीही तिचा जवळजवळ सर्व भाग पाहिलेला नाही आणि पाहणार नाहीत. गणितज्ञ अविभाज्य संख्यांचा पाठपुरावा करतो तेव्हा त्याही व्याख्येनेच निश्चित झालेल्या असतात, म्हणून त्याच्या श्रमाला कोणी शोध म्हणावयाचे थांबत नाही. या संदर्भात २०१७ च्या फेब्रुवारीतील एक घटना मोठी उद्बोधक आहे. सुमारे चाळीस प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे तेव्हा जाहीर झाले; आणि क्रीडेच्या आकाशात पाहावे तो त्याच परिसरात, यंत्रणेने काही वर्षांपूर्वीच स्वतःच्या हिशेबाने निर्माण केलेले, एका अंधुक तपकिरी खुज्या ताऱ्याभोवती सात ग्रह फिरत असलेले मंडल आढळले. निर्मात्यांनी त्याचे नाव बदलून ट्रॅपिस्ट-१ केले आणि तपशील दुरुस्त केला. एका योगायोगावरून यंत्रणेला द्रष्टेपण बहाल करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तिच्या गृहीतकांचा वास्तवाशी काही सांधा आहे, एवढे त्यावरून म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता पाहणीच्या साधनांकडे वळू. आरंभी तीन प्रतींची शोधयंत्रे होती: पहिले पाचशे प्रकाशसेकंदांपर्यंतचे ग्रह दाखवी, दुसरे हजारांपर्यंतचे, आणि तिसरे मंडलातील सर्वच्या सर्व. मंडलात शिरताच कळ दाबावयाची, भोंग्यासारखा दीर्घ नाद होई, आणि नकाशावर ग्रहांची रांग उमटे. पण एखाद्या ग्रहाचा खरा तपशील हवा असेल तर यान प्रत्यक्ष त्याच्याजवळ न्यावे लागे, आणि एखादा जोडतारा लक्षावधी प्रकाशसेकंद दूर असला म्हणजे त्या एका फेरीत सबंध संध्याकाळ संपे. डिसेंबर २०१८ मध्ये ही पद्धत बदलली. नाद तोच राहिला. परंतु त्यानंतर शोधक आपल्या आसनावरूनच एक वर्णपटदर्शक उघडतो, ज्यात पाषाणमय, धातुमय, हिममय आणि वायुरूप ग्रहांचे संकेत आपापल्या ठरलेल्या जागी थरथरत असतात, आणि वाद्य सुरात लावावे तसा तो पट जुळवून एकेक ग्रह उजेडात आणतो. ज्याची बारकाईने मोजणी करावयाची त्या ग्रहाकडे मात्र अजूनही जावेच लागते, आणि त्याच्याभोवती लहान शोधकुप्या अशा कोनातून सोडाव्या लागतात की गुरुत्वाकर्षणाने वळून त्या पलीकडील गोलार्धावर उतरतील. २०२१ च्या ‘ओडिसी’ विस्तारानंतर शोधक पायउतार होऊन विरळ वातावरणाच्या ग्रहांवरील वनस्पतींचे नमुने गोळा करू लागला; एका जातीचे तीन नमुने, आणि तेही परस्परांपासून नेमून दिलेल्या अंतरावरचे, घेतल्याखेरीज ती नोंद ग्राह्य धरली जात नाही.

या बदलाविषयी जुन्या शोधकांची तक्रार अशी की, श्रम हलके झाल्यामुळे शोधाचे मोल उतरले. मला ती मान्य नाही. पूर्वी दूरच्या ग्रहांकडे जाण्याचा कंटाळा येऊन बहुतेक लोक पहिल्या नादानंतरच पुढे निघून जात, आणि नोंदी अर्धवट राहत. नव्या साधनाने संपूर्ण मंडलाची पाहणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पाहणीचे खरे मोल वेळ किती खर्ची पडला यापेक्षा नोंद किती पुरी आहे यावर ठरते.

जोखीम मात्र तशीच शिल्लक आहे. गोळा केलेला सर्व तपशील, तो कोणत्याही वस्तीतील ‘युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स’ या नकाशादफ्तरात दाखल होईपर्यंत, यानाबरोबरच प्रवास करतो. यान नष्ट झाले की महिनोन्‌महिन्यांची कमाई एका क्षणात जाते. आणि यान नष्ट होण्यास शत्रू लागत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या ध्रुवांतून निघणाऱ्या झोतात यान घालून पुढची झेप चौपट लांब करता येते, पण तोच झोत यान खिळखिळे करतो. इंधन ताऱ्यांच्या आवरणातून भरावयाचे असते, आणि ते ओ पासून एम पर्यंतच्या सात परिचित वर्गांतच मिळते. तपकिरी खुज्या ताऱ्यांच्या दाट वस्तीत शिरलेला बेसावध प्रवासी भोवती शेकडो तारे असूनही कोरड्या टाकीने अडकून पडतो. अशांच्या सुटकेसाठी ‘फ्युएल रॅट्स’ नावाचे स्वयंसेवकांचे पथक २०१५ पासून राबत आहे. कोठलाही मोबदला न घेता हे लोक सहस्रावधी प्रकाशवर्षे तुडवून अनोळखी माणसाला इंधन पोचवितात. या साऱ्या व्यवहारातील सर्वांत उदात्त गोष्ट कोणती असे विचारल्यास मी या पथकाकडे बोट दाखवीन.

दफ्तरात नोंद दाखल करणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव त्या ग्रहावर कायमचे कोरले जाते, आणि येथूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाला सुरुवात होते. नावाचा लोभ आणि मोबदल्याचे कोष्टक या दोहोंनी शोधकांच्या वाटा ठरविल्या. पृथ्वीसदृश, जलमय आणि अमोनियायुक्त ग्रहांना भाव अधिक, म्हणून ज्या ताऱ्यांभोवती ते सापडण्याची शक्यता तेथेच गर्दी. हिमगोलांना भाव नाही, म्हणून त्यांच्याकडे पाठ. प्रवास बहुतांशी सूर्याकडून आकाशगंगेच्या केंद्राकडे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवरील धनू-अ या महाविवराकडे, किंवा तेथून पलीकडच्या काठाकडे. परिणामी आजवरच्या नोंदींचा नकाशा मांडला तर आकाशगंगेचे रूप दिसण्याऐवजी माणसांनी मळलेल्या पायवाटाच दिसतात. खऱ्या ज्योतिषशास्त्रालाही हा दोष परिचित आहे: तेजस्वी तारे दुरूनही दिसतात, मंद तारे जवळ असल्यासच दिसतात, आणि म्हणून दिसणाऱ्या ताऱ्यांवरून काढलेली सरासरी फसवी ठरते, हे स्वीडिश ज्योतिर्विद गुन्नार माल्मक्विस्ट यांनी १९२२ मध्येच दाखवून दिले होते. कृत्रिम आकाशगंगेत प्रकाशाच्या मंदपणाची जागा माणसाच्या आवडीनिवडीने घेतली, एवढाच फरक. दशकाहून अधिक काळ एवढ्या लोकांनी खपूनही पाहिलेल्या मंडलांचे प्रमाण शेकडा एकाहून कितीतरी कमी आहे. आणि इतक्या अल्प नमुन्यावरून अनुमान काढावयाचे तर तो नमुना निःपक्षपाती असणे अत्यावश्यक आहे.

यावर उपाय मंडलांच्या नावांतच आहे, आणि तो ज्यांनी ओळखला त्यांनाच मी या क्षेत्रातील अव्वल दर्जाचे शोधक मानतो. नियमाने निर्माण झालेल्या मंडलांची ‘ईऑल प्रू आरएस-टी डी३-९४’ यांसारखी नावे प्रथमदर्शनी अर्थहीन वाटतात; वास्तविक ती जमिनीच्या गटक्रमांकाइतकी काटेकोर असतात. सबंध आकाशगंगा १,२८० प्रकाशवर्षे बाजूच्या घनाकार प्रांतांत विभागलेली आहे, आणि प्रांताचे नाव आरंभी येते. मधले लहान अक्षर मंडलाच्या वस्तुमानाचा वर्ग सांगते: ‘ए’ वर्गाचे घन १० प्रकाशवर्षांचे, ‘बी’चे २०, ‘सी’चे ४०, ‘डी’चे ८०, असे दुप्पट होत होत ‘एच’ वर्गाचा घन संपूर्ण प्रांताइतका होतो. अवजड कृष्णविवरे व महाकाय तारे या शेवटच्या वर्गांत, तर मंद खुजे पहिल्यांत. नावाच्या शेवटी येणारा आकडा हा त्या घनातील अनुक्रमांक. म्हणून एखादा घन निवडून शून्यापासून अखेरच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक मंडलास भेट दिली, भाव असो वा नसो प्रत्येक ग्रहाची नोंद केली, तर त्या घनापुरती माहिती पूर्ण व निर्दोष होते. एका प्रांतात ‘ए’ वर्गाचेच घन वीस लाखांहून अधिक भरतात, हे ध्यानात घेता सर्व घनांची मोजणी अशक्य. परंतु निरनिराळ्या प्रांतांतून, निरनिराळ्या उंचीवरून आणि केंद्रापासून निरनिराळ्या अंतरावरून थोडे घन सरसकट मोजले, तरी जलमय ग्रह कोठे विपुल, न्यूट्रॉन ताऱ्यांचे पट्टे कोठून कोठवर, यांविषयी सप्रमाण बोलता येते. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात विक्रम नाही, गाजावाजा नाही. तरी माझ्या दृष्टीने पाहणी या नावास पात्र अशी गोष्ट हीच.

दूरच्या मोहिमांचे महत्त्व कमी लेखण्याचा यात हेतू नाही. प्रकाशनानंतर लवकरच, जानेवारी २०१५ मध्ये, एका शोधकाने सूर्यापासून ६५ हजार प्रकाशवर्षांहून अधिक दूर असलेल्या पैलकाठच्या ताऱ्यापर्यंत मजल मारली, आणि डार्विनला घेऊन गेलेल्या जहाजाच्या स्मरणार्थ त्या स्थानास ‘बीगल पॉइंट’ हे नाव मिळाले. २०१६ मध्ये याच ताऱ्याकडे झेपावलेले ‘जॅक’ नावाचे अवकाशस्थानक वाट चुकून सूर्यापासून २२ हजार प्रकाशवर्षांवर अडकले, तेव्हा त्याच्या भोवती कलोनिया ही दुसरी मानववस्ती उभी राहिली. त्याच वर्षीच्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ मोहिमेत हजारावर, तर २०१९ च्या दुसऱ्या मोहिमेत तेरा हजारांवर लोक सामील झाले. या दुसऱ्या मोहिमेने तर केंद्राजवळ शोधकांसाठी नवे विश्रामस्थानक उभारण्याची सामग्री वाहून नेली, आणि त्यायोगे हजारो प्रकाशवर्षांच्या निर्जन टापूत नोंदी दाखल करण्याची सोय झाली. जून २०२० पासून खाजगी मालकीची महायाने एका झेपेत पाचशे प्रकाशवर्षे जाऊ लागल्याने दूरचा मुक्काम आणखी सुकर झाला. या मोहिमांनी धैर्य व सहकार्य यांचे दाखले घालून दिले. पद्धतशीर ज्ञानात त्यांनी घातलेली भर त्या मानाने बेताची, कारण एवढा मोठा ताफाही अखेर एकाच वाटेने गेला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या विषयास निराळे वळण लागले. वसलेल्या मुलखाच्या लगतची ओसाड मंडले आपल्या नावे मागून घेऊन तेथे स्थानके व वसाहती बांधण्याची मुभा खेळाडूंना मिळाली, आणि आजवर निव्वळ कुतूहलापोटी चाललेल्या पाहणीला एकाएकी व्यावहारिक प्रयोजन आले: कोणत्या मंडलात किती ग्रह, कोठे कडी, कोठे जीवसृष्टी, याची चौकशी आता वसाहतकार करू लागला. मानवी वस्तीची सरहद्द फुगत चालली असून, तिच्या वाटेतील उपेक्षित हिमगोलांकडेही कोणाचे तरी लक्ष जाऊ लागले, हा या बदलाचा लाभ. पण वस्ती सोयीच्या दिशेनेच पसरते, म्हणून वर सांगितलेला पक्षपात यामुळे कमी न होता वाढण्याचाच संभव अधिक.

राहता राहिला दफ्तराचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. क्रीडा संगणकावर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर त्याच्या प्रवासाचा रोजनामा लिहून ठेवते. तो स्वयंसेवकांनी चालविलेल्या ईडीएसएम यांसारख्या संग्रहांकडे ज्यांनी स्वेच्छेने धाडला, त्यांच्याच नोंदी आज अभ्यासकाच्या हाती आहेत. ज्यांनी धाडला नाही, आणि ज्या खेळाडूंच्या यंत्रावर असा रोजनामा सहज मिळत नव्हता, त्यांचे श्रम निर्मात्यांच्या दफ्तरात बंद आहेत. मार्च २०२२ मध्ये एक्सबॉक्स व प्लेस्टेशनवरील क्रीडेचा पुढील विकास थांबविण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जुनी व नवी अशा दोन आकाशगंगा विभक्त झाल्या. तेव्हापासून जुन्या आकाशगंगेत राहिलेल्यांची नवी नोंद नव्या आकाशगंगेत दिसत नाही. अशा क्रीडा अमर नसतात. त्यांचे मध्यवर्ती संगणक एके दिवशी बंद होतात. ‘नॉक्टिस’ची नामसूची टिकली ती सर्वांना खुली होती म्हणून. फ्रंटियरने पाहिलेल्या सर्व मंडलांची सूची, पाहणाऱ्याचे नाव, दिनांक आणि ग्रहांच्या तपशिलासह, क्रीडा चालू असतानाच खुली करावी, आणि जुन्या आकाशगंगेतील नोंदींचाही तीत समावेश करावा, अशी मागणी शोधकांच्या सर्व पथकांनी एकमुखाने केली पाहिजे. तोवर घनवार मोजणी करणाऱ्यांनी आपले रोजनामे एकापेक्षा अधिक संग्रहांत ठेवावेत, आणि कोणता घन पुरा झाला व कोणता अर्धवट राहिला, हे त्यांत स्पष्ट नमूद करावे.